इंग्रजी क्रियाविशेषणे पुन्हा पुन्हा का चुकतात आणि चूक कुठे शोधावी

नियम पाठ असतात, रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नांत गुणही मिळतात, आणि तरीही स्वतःचे वाक्य लिहायला घेतले की 'ही सिंग्ज व्हेरी गुड' किंवा 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' असे काहीतरी हातून उतरते, ही तक्रार मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांची असते. इंग्रजी लेखन तपासताना मला या चुका इतक्या नियमितपणे दिसतात, की त्यांना निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. निष्काळजीपणाच्या चुका विखुरलेल्या असतात. या चुका मात्र ठरावीक जागीच होतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्यामागे मनात आधी जुळलेले एक निर्दोष मराठी वाक्य उभे असते. म्हणून इंग्रजी नियमांची यादी आणखी एकदा वाचण्यापेक्षा ते मराठी वाक्य समोर मांडून पाहणे अधिक उपयोगी पडते.

'गुड' लिहावे की 'वेल'?

सर्वांत जास्त वेळा परत येणारी चूक ही आहे, आणि तिचे मूळ मराठीच्या एका सुंदर सवयीत आहे. आपण 'तो चांगला गातो', 'ती चांगली गाते', 'ते चांगले गातात' असे म्हणतो. येथे 'चांगला' हा शब्द गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करतो. पण रूप मात्र कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो, म्हणजे वागतो विशेषणासारखा. शाळेत क्रियाविशेषण शिकवताना ते अव्यय आहे, म्हणजे त्याच्या रूपात बदल होत नाही, असे सांगितले जाते, आणि उदाहरणे 'हळू', 'काल', 'येथे', 'वारंवार' अशी न बदलणारीच दिली जातात. परिणामी 'चांगली गाते' यातील 'चांगली' हे क्रियाविशेषणाचे काम आहे, याची जाणीव विद्यार्थ्याला कधी करून दिलीच जात नाही. तो शब्द कर्त्याला जुळतो, म्हणून मन त्याला कर्त्याचे विशेषण समजते आणि इंग्रजीतही विशेषणच निवडते.

ही अडचण नीट पाहायची असेल, तर दोन मराठी वाक्ये शेजारी ठेवावीत. 'तिने चांगली चित्रे काढली' आणि 'तिने चित्रे चांगली काढली'. दोन्ही वाक्यांत 'चांगली' हेच रूप आहे. फरक फक्त जागेचा आहे. पहिल्यात चित्रे चांगली आहेत, दुसऱ्यात काढण्याची क्रिया चांगली झाली आहे. मराठी हा फरक शब्दाची जागा बदलून दाखवते, इंग्रजी मात्र शब्दच बदलते: पहिल्यासाठी 'शी ड्रू गुड पिक्चर्स' आणि दुसऱ्यासाठी 'शी ड्रू द पिक्चर्स वेल'. ज्याला या दोन मराठी वाक्यांतला भेद जाणवतो, त्याला 'गुड' आणि 'वेल' यांतला भेद आधीपासूनच ठाऊक असतो. फक्त तो इंग्रजीत कोणत्या मार्गाने व्यक्त होतो, हे लक्षात घ्यायचे राहिलेले असते.

तपासणीची रीत सोपी आहे. शंकेच्या शब्दाला 'कसा?' हा प्रश्न विचारू नये, कारण मराठीत तो प्रश्न दोन्ही अर्थांनी विचारता येतो. त्याऐवजी 'हे कशाबद्दल सांगितले आहे?' असे विचारावे. उत्तर एखादे नाम किंवा सर्वनाम आले तर इंग्रजीत विशेषण हवे. उत्तर क्रिया, विशेषण, दुसरे क्रियाविशेषण किंवा संपूर्ण वाक्य असे आले तर क्रियाविशेषण हवे. येथे 'क्रियाविशेषण' हे नावही थोडी दिशाभूल करते. नावावरून वाटते की हा शब्द फक्त क्रियेबद्दल सांगतो. पण 'एक्स्ट्रीमली कोल्ड' मध्ये 'एक्स्ट्रीमली' हा शब्द 'कोल्ड' या विशेषणाला आणि 'क्वाइट स्लोली' मध्ये 'क्वाइट' हा शब्द 'स्लोली' या क्रियाविशेषणाला जोडलेला आहे. 'एक्स्ट्रीम कोल्ड वॉटर' असे लिहिणाऱ्याची चूक येथूनच येते: पुढे नाम दिसते, म्हणून तो विशेषण वापरतो, पण पाणी टोकाचे नसून गारवा टोकाचा आहे.

नियम शिकल्यानंतर होणारी उलटी चूक

वरची चूक सुधारली की काही दिवसांतच तिची जुळी बहीण दिसू लागते. विद्यार्थी आता प्रत्येक क्रियापदाजवळ शेवटी 'ली' असलेला शब्द ठेवू लागतो आणि 'द फ्लॉवर स्मेल्स स्वीटली' किंवा 'शी लुक्स ब्यूटिफुली' असे लिहितो. 'लुक', 'स्मेल', 'टेस्ट', 'साउंड', 'फील', 'सीम', 'बिकम' ही क्रियापदे बहुधा कर्त्याने केलेली क्रिया सांगत नाहीत. ती कर्ता आणि त्याचा गुण यांना जोडतात. फूल काही वास घेण्याची क्रिया गोड रीतीने करत नाही, फुलाचा वास गोड आहे. म्हणून 'द फ्लॉवर स्मेल्स स्वीट' हेच बरोबर.

येथे खात्री करण्यासाठी क्रियापदाच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' घालून पाहावे. 'शी लुक्स ब्यूटिफुल' मधून 'शी इज ब्यूटिफुल' असे अर्थपूर्ण वाक्य मिळते, म्हणून विशेषण योग्य. मात्र हीच क्रियापदे कधी खऱ्या क्रियेसाठीही वापरली जातात, आणि ही जागा मला फार महत्त्वाची वाटते, कारण येथे एका शब्दाने अर्थ पालटतो. 'ही लुक्ड अँग्री' म्हणजे तो रागावलेला दिसला. 'ही लुक्ड अँग्रिली ॲट द चाइल्ड' म्हणजे त्याने मुलाकडे रागाने पाहिले. मराठीत या दोन अर्थांसाठी 'दिसणे' आणि 'पाहणे' अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत, म्हणून मराठी वाचकाला ही कसोटी इतरांपेक्षा सोपी जावी: मनातल्या वाक्यात 'दिसणे' असेल तर विशेषण, 'पाहणे' असेल तर क्रियाविशेषण. 'फील' साठीही असेच. 'मला वाईट वाटते' याला 'आय फील बॅड' म्हणावे. 'आय फील बॅडली' लिहू नये. 'वेल' हा शब्द मात्र प्रकृतीबद्दल बोलताना स्वतःच विशेषण होतो, म्हणून 'ही इज नॉट वेल' यात काहीही चूक नाही.

'ली' पाहून फसगत

'ली' म्हणजे क्रियाविशेषण आणि 'ली' नाही म्हणजे विशेषण, ही समजूत दोन्ही बाजूंनी तुटते. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'कॉस्टली', 'काउअर्डली', 'लोनली', 'सिली', 'अग्ली' हे सर्व विशेषणे आहेत, आणि 'ही टॉक्ड टू मी फ्रेंडली' हे वाक्य म्हणूनच चुकते; तेथे 'इन अ फ्रेंडली वे' असे म्हणावे लागते. ओळखण्याची एक बरीच विश्वासार्ह खूण आहे. 'ली' काढून टाकल्यावर उरलेला शब्द विशेषण असेल, जसे 'स्लो', 'क्विक', 'ऑनेस्ट', तर पूर्ण शब्द सहसा क्रियाविशेषण असतो. उरलेला शब्द नाम असेल, जसे 'फ्रेंड', 'कॉस्ट', 'काउअर्ड', तर पूर्ण शब्द सहसा विशेषण असतो. 'डेली', 'वीकली', 'मंथली' हे नामापासून झालेले शब्द दोन्ही कामे करतात, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

दुसऱ्या बाजूला 'फास्ट', 'हार्ड', 'स्ट्रेट' यांसारखे शब्द आहेत, जे 'ली' न लावताच क्रियाविशेषण होतात. 'फास्टली' हा शब्द प्रमाण इंग्रजीत वापरत नाहीत, तरी तो मला जवळपास प्रत्येक वहीत भेटतो. या गोंधळाला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत विशेषण करणारा प्रत्यय आणि क्रियाविशेषण करणारा प्रत्यय यांच्यात शेवटच्या एका स्वराचाच फरक होता. तो स्वर पुढे गळला आणि दोन्हींचे रूप 'ली' असे एकच झाले, म्हणून 'फ्रेंडली' आणि 'स्लोली' आज सारखे दिसतात. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांची क्रियाविशेषणेही त्या काळी शेवटच्या स्वराने ओळखू येत असत. तो स्वर गेल्यावर विशेषण आणि क्रियाविशेषण एकरूप झाले. म्हणजे विद्यार्थ्याला त्रास देणाऱ्या या दोन्ही गोष्टी एकाच स्वरलोपाची फळे आहेत, आणि हे कळल्यावर त्या लहरी वाटत नाहीत.

याहून घातक जोड्या त्या, ज्यांत दोन्ही रूपे अस्तित्वात आहेत पण अर्थ वेगळे आहेत. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. शिफारसपत्रात हा घोळ झाला तर ज्याच्यासाठी पत्र लिहिले त्याचेच नुकसान होते, आणि दुसरे वाक्य व्याकरणाने निर्दोष असल्यामुळे संगणकावरची तपासणी त्यावर बोट ठेवीलच असे नाही. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'नियर' म्हणजे जवळ, 'नियरली' म्हणजे जवळजवळ. 'हाय' म्हणजे उंच, 'हायली' म्हणजे फार, जसे 'हायली स्किल्ड'. 'हार्डली' च्या बाबतीत मराठी आणखी एक सापळा लावते. आपण 'तो फारसा बोलत नाही' असे म्हणतो, म्हणजे 'फारसा' बरोबर 'नाही' असावेच लागते. 'हार्डली' च्या पोटात तो नकार आधीच आहे, म्हणून 'ही हार्डली स्पीक्स' एवढेच पुरे. 'ही डझ नॉट हार्डली स्पीक' लिहिले की नकार दोनदा येतो.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. 'हॅपी' सारख्या शब्दात शेवटचा वाय जाऊन आय येतो, 'जेंटल' मध्ये शेवटच्या ई च्या जागी वाय येऊन 'जेंटली' होते, 'ट्रू' मधला ई गळतो, आणि शेवटी आयसी असलेल्या शब्दांना 'ॲली' लागते, जसे 'बेसिक' पासून 'बेसिकली'. अपवाद 'पब्लिकली' चा, ज्यात ए आणि एल ही अक्षरे येत नाहीत.

शब्द बरोबर, जागा चूक

'शी स्पीक्स वेल इंग्लिश' या वाक्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे आणि तरी वाक्य चूक आहे. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा काही शिरू देत नाहीत. 'शी स्पीक्स इंग्लिश वेल', 'आय लाइक म्युझिक व्हेरी मच' अशी कर्मानंतरची जागा क्रियाविशेषणाला द्यावी. कर्म फार लांबलचक असेल तेव्हा क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी आणता येते, जसे 'शी केअरफुली रेड ऑल द लेटर्स दॅट हॅड कम फ्रॉम अब्रॉड'.

एका वाक्यात रीत, स्थळ आणि काळ असे तिन्ही सांगायचे असेल, तेव्हा मराठी आणि इंग्रजी एकमेकींची आरशातली प्रतिबिंबे होतात, आणि हे नाते एकदा दिसले की क्रम पाठ करण्याची गरज मला तरी वाटत नाही. 'ती काल सभेत स्पष्टपणे बोलली' या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी आहे, आणि त्याच्या आधी काळ, स्थळ, रीत असा क्रम आहे. इंग्रजीत क्रियापद पुढे जाते आणि बाकीचे उलट क्रमाने मागे येते: 'शी स्पोक क्लिअरली ॲट द मीटिंग येस्टरडे'. दोन्ही भाषांत रीत क्रियापदाला सर्वांत जवळ आणि काळ सर्वांत दूर राहतो. जाण्यायेण्याच्या क्रियापदांत मात्र ठिकाण आधी येते, जसे 'शी वेंट होम क्विकली'.

'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर', 'सेल्डम' यांच्यासाठी 'नॉट' ची कसोटी लावावी. वाक्य नकारार्थी केले असता 'नॉट' जिथे बसेल, तिथेच हे शब्द बसतात. 'ही इज नॉट लेट' म्हणून 'ही इज ऑलवेज लेट'. 'ही हॅज नॉट बीन लेट' म्हणून 'ही हॅज नेव्हर बीन लेट'. 'ही डझ नॉट कम लेट' म्हणून 'ही ऑफन कम्स लेट', फक्त 'डझ' निघून जाते आणि क्रियापदाला 'एस' परत मिळतो. 'नेव्हर', 'सेल्डम', 'हार्डली' हे शब्द जोर देण्यासाठी वाक्याच्या आरंभी आणले, तर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी यावे लागते: 'नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड'. 'नो सूनर आय रीच्ड' ही सर्वत्र आढळणारी चूक याच नियमाच्या विस्मरणातून होते. तेथे 'नो सूनर डिड आय रीच' हवे, आणि पुढे 'व्हेन' न वापरता 'दॅन' वापरावे.

जागेमुळे अर्थ बदलतो, त्याचे मला आवडणारे उदाहरण असे. 'ही डिड नॉट आन्सर क्लिअरली' म्हणजे त्याने उत्तर दिले, पण ते स्पष्ट नव्हते. 'क्लिअरली, ही डिड नॉट आन्सर' म्हणजे त्याने उत्तर दिले नाही, हे उघड आहे. दुसऱ्या वाक्यातले क्रियाविशेषण पूर्ण वाक्याबद्दल बोलते, आणि स्वल्पविराम त्याची खूण आहे.

एका मराठी शब्दामागे दोन-तीन इंग्रजी शब्द

शब्दकोश पाहूनही न सुटणाऱ्या चुका येथे होतात, कारण शब्दकोशात मराठी अर्थ बरोबर असतो आणि तरी निवड चुकते. 'लवकर' हा शब्द घ्या. 'मी लवकर उठतो' यात ठरलेल्या किंवा नेहमीच्या वेळेआधी असा अर्थ आहे, म्हणून 'अर्ली'. 'ती लवकर येईल' यात थोड्या वेळात असा अर्थ आहे, म्हणून 'सून'. 'लवकर चाल' यात वेग आहे, म्हणून 'क्विकली' किंवा 'फास्ट'. आपण तिन्ही ठिकाणी एकच शब्द वापरतो आणि संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजी लिहिताना मात्र आधी मराठीतच त्याचा अर्थ फोडून घ्यावा लागतो.

'फार' या शब्दाचेही असेच. 'हे पुस्तक फार चांगले आहे' असे कौतुक करताना 'व्हेरी गुड' म्हणावे. 'टू' हा शब्द प्रमाणाबाहेर असे सांगतो आणि त्याच्यामागे सहसा एखादी अडचण असते, जसे 'द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट'. पण 'त्याच्यापेक्षा फार मोठा' असे तुलनेचे वाक्य असेल, तर 'व्हेरी बिगर' चालत नाही, 'मच बिगर' म्हणावे लागते. 'पुरेसा' या शब्दाची अडचण जागेची आहे: आपण 'पुरेसा मोठा' म्हणतो, म्हणून 'इनफ बिग' लिहिले जाते, परंतु विशेषणाबरोबर 'इनफ' मागेच येते, 'बिग इनफ'. नामाबरोबर मात्र ते पुढे राहते, 'इनफ टाइम'.

द्विरुक्ती हे मराठीचे वैभव आहे, पण 'हळूहळू' चे 'स्लोली स्लोली' होत नाही. बदल थोडा थोडा होत असेल तर 'ग्रॅज्युअली', गती कमी असेल तर 'स्लोली', आणि ती फारच कमी असेल तर 'व्हेरी स्लोली' लिहावे.

'मी कालच आलो' यातील 'च' चे भाषांतर 'आय केम येस्टरडे ओन्ली' असे करण्याची सवय आपल्याकडे बोलण्यात इतकी रुळली आहे, की ती चूक आहे असे सांगितल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते. मराठीतला 'च' ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला मागून चिकटतो, आणि म्हणून 'ओन्ली' ही मागे ठेवले जाते. शिवाय या 'च' चा अर्थ नेहमी 'फक्त' असा नसतो. 'कालच' मध्ये काळ किती जवळचा आहे हे सांगायचे असते, म्हणून 'आय केम ओन्ली येस्टरडे' किंवा 'आय केम जस्ट येस्टरडे' असे लिहावे. 'तोच म्हणाला' मध्ये व्यक्तीवर जोर आहे, म्हणून 'इट वॉज ही हू सेड इट'. 'तिथेच थांब' मध्ये नेमकी जागा आहे, म्हणून 'वेट राइट देअर'. 'ओन्ली' ची गरज फक्त तेव्हा असते, जेव्हा इतर सर्व वगळायचे असतात, आणि लेखनात त्याला संबंधित शब्दाच्या लगेच आधी ठेवणे सुरक्षित. 'ओन्ली शी सॉ द लेटर' म्हणजे इतर कोणी पाहिले नाही. 'शी सॉ ओन्ली द लेटर' म्हणजे तिने दुसरे काही पाहिले नाही.

राहिला 'अजून'. 'तो अजून इथे आहे' यासाठी 'ही इज स्टिल हिअर', आणि 'तो अजून आला नाही' यासाठी 'ही हॅज नॉट कम येट'. चालू असलेली स्थिती सांगताना 'स्टिल' मधल्या जागी बसते; अपेक्षित गोष्ट घडलेली नाही हे सांगताना 'येट' शेवटी जाते. 'ही स्टिल हॅज नॉट कम' असेही म्हणता येते, पण त्यात वाट पाहणाऱ्याची अधीरता येते, आणि 'स्टिल' ला 'हॅज' च्या आधी जागा द्यावी लागते. वर सांगितलेली 'नॉट' ची कसोटी या एका वाक्यात लावू नये. 'अजून दोन पाने वाच' यातला 'अजून' तर क्रियाविशेषणच नाही. तेथे 'टू मोअर पेजेस' असे लिहावे लागते.